बादलीचा डाग: एका साधारण जुन्या घराचा हिशेब

घर तीनदा पाहून झालं होतं, पलंग कुठे आणि कपाट कुठे हेही मनातल्या मनात ठरलं होतं, आणि मग त्यांना माझी आठवण झाली. बहुतेकांना ती याच टप्प्यावर होते. दोघंही तिशीतले, मला काका म्हणणारे, आयुष्यातलं पहिलंच घर घेणारे. "काका, फक्त एकदा नजर टाका," ती फोनवर म्हणाली. मी येतो म्हणालो, पण एका अटीवर. मालक किती मागतोय ते मला सांगायचं नाही.

या अटीला कारण आहे. १९८७ साली नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी घरांचे व्यवहार करणाऱ्या एजंटांना एकच घर दाखवलं. माहितीचे कागदही तेच दिले, फक्त मागणी किंमत काहींना कमी सांगितली, काहींना जास्त. ज्यांच्या कागदावर मोठा आकडा होता त्यांनी घराची किंमतही जास्त लावली. आपण त्या आकड्याकडे पाहिलं हे मात्र त्यांच्यातल्या फारच थोड्यांनी कबूल केलं. धंद्यात मुरलेल्यांची ही गत, तर मी कोण? म्हणून आकडा कानावरच येऊ देत नाही.

इथे आकडे लिहिताना मालकाची मागणी १०० धरली आहे. बाकी सगळे आकडे त्याच मापात.

घर चाळीस वर्षांचं, दुमजली. विटांच्या भारवाहक भिंती, वर काँक्रीटचा स्लॅब, मागच्या बाजूला नंतर वाढवलेली एक खोली आणि तिच्यावर सिमेंटचे पन्हळी पत्रे. नाव घेण्यासारखं काही नाही आणि नावं ठेवण्यासारखंही नाही. अशा घरांचं मोल करणं सगळ्यात अवघड जातं. अगदी पडकं घर असलं की सरळ जमिनीची किंमत धरायची, नवं असलं की शेजारच्या नव्याशी ताडून पाहायचं. मधल्या घराचं खरं वय किती ते दाखल्यावरून कळत नाही. कुठली दुरुस्ती केली आणि कुठली पुढे ढकलली, त्यावर ते ठरतं. इथे स्वयंपाकघर नवंकोरं होतं: चकचकीत ओटा, सरकत्या ट्रॉल्या, छतात लपवलेले दिवे. त्या दोघांचा जीव त्यातच अडकला होता. घरभर रंगही ताजा, इतका की वास अजून गेला नव्हता.

ताजा रंग दिसला की मी आधी जमिनीकडे पाहतो. विकायच्या आधी भिंती आणि छत रंगवतात, जमीन कोणी रंगवत नाही.

वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत खाटेचा पाय टाइलवर नीट टेकत नव्हता, म्हणून मी ती थोडी सरकवली. खाली टाइलवर गंजाच्या रंगाचं एक वर्तुळ होतं, वीतभर व्यासाचं. त्याला छेदून तेवढंच दुसरं, दोन बोटं बाजूला सरकलेलं. बादलीचं बूड. एकदा ठेवलेल्या बादलीचा असा डाग पडत नाही. कित्येक पावसाळे ती तिथे असायला हवी, आणि मधे कधीतरी थेंब पडायची जागा दोन बोटं सरकलेली असायला हवी. वर पाहिलं तर छत दुधासारखं पांढरं.

घराच्या मालकीणबाई, सत्तरी ओलांडलेल्या आजी, दारातच उभ्या होत्या. जिने चढवत नाहीत म्हणून घर विकून मुलीकडे जायचं होतं त्यांना. मी विचारलं, "आजी, इथे गळायचं का?"

"हो ना, पावसात इथे बादली असायचीच. पण आता मुलीनं रंग दिलाय, आता नाही गळत."

"रंग दिल्यापासून पाऊस झाला का?"

आजींनी जरा विचार केला. "नाही, अजून नाही झाला."

एजंटाने घसा खाकरला आणि स्वयंपाकघर पाहायचं राहिलंय का, असं विचारलं. आजींनी काही लपवलं नव्हतं. त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं, एवढंच. बांधकामाच्या कुठल्याही उपकरणाआधी मी घरात सगळ्यात जास्त राहिलेल्या माणसाला गाठतो. किती खोल्या, किती वर्षं, हे नाही विचारायचं. पावसात काय काय हलवावं लागतं, कुठलं बटण कोणी वापरत नाही, कुठला नळ सोडला की कुठला बंद पडतो, हे विचारायचं.

त्या दोघांना धास्ती मात्र गळतीची नव्हती. त्यांना झोप येत नव्हती ती वरच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या निघालेल्या एका भेगेने. "काका, पाया खचलाय का?" त्याने दबक्या आवाजात विचारलं. भेग पाहिली की माणसाच्या मनात पायाच येतो. तिरकी भेग हे पाया असमान खचल्याचं लक्षण असू शकतं, हे खरंच आहे. पण खिडकीचा कोपरा ही भिंतीतली मुळातच कमजोर जागा. ताण तिथे गोळा होतो आणि थोड्याशा हालचालीनेही भेग तिथूनच सुटते. त्यामुळे भेग आहे की नाही यापेक्षा ती किती रुंद आहे, दोन्ही बाजू एका पातळीत आहेत का, आणि ती अजून चालते आहे का, हे महत्त्वाचं.

पातळ पट्ट्यांच्या गेजने मोजली. सगळ्यात रुंद जागी अर्धा मिलिमीटर. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने भेगांची जी प्रतवारी केली आहे, तिच्यात एक मिलिमीटरपर्यंतची भेग 'अगदी किरकोळ' या खान्यात पडते, रंगकाम करताना बुजवून टाकण्याजोगी. पाच मिलिमीटरच्या पुढे गेली की भेग उकरून गवंड्याकडून दुरुस्ती करावी लागते, पंधराच्या पुढे भिंतीचा काही भाग उतरवायची वेळ येते. शिवाय आमच्या भेगेत जुन्या रंगाचे थर आतपर्यंत गेलेले होते. म्हणजे ती निदान दोन रंगांइतकी जुनी. खोलीतलं दार चौकटीत कुठे अडकत नव्हतं. बाहेरून ओळंबा सोडला तर भिंत सरळ. तरीही मी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडव्या रेघा मारल्या, तारीख टाकली आणि मधोमध प्लॅस्टरने काचेची पातळ पट्टी चिकटवली. भेग हलली की काच तडकते. पुढे घासाघीस सहा आठवडे चालली, तेवढ्यात काच तडकली नाही आणि भेग रेघांच्या बाहेर गेली नाही. सहा आठवड्यांत पायाचा निकाल लागतो असं मी म्हणणार नाही, त्यासाठी ओला-सुका असा पूर्ण हंगाम जायला हवा. पण जुना रंग, सरळ भिंत, सुटं फिरणारं दार आणि शाबूत काच ही चार माणसं एकच साक्ष देत असतील, तर मी ती मानतो. भेगेसाठी हिशेबात मी शून्य धरलं.

आता छत. या घराचा सौदा खरं तर छतावर होता, म्हणून इथे जरा थांबतो.

शिडीवर चढून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने छत ठोकत गेलो. धड काँक्रीट टणटण वाजतं, सुटलेलं ढबढब. बादलीच्या डागाच्या वर, बाहेरच्या कोपऱ्याकडे, साधारण चौरस मीटरभर जागा ढबढब वाजली. बाकी सगळं छत घट्ट. आजींना विचारून त्या जागेचा एक पापुद्रा काढला, म्हणजे तो हात लावताच सुटला. आतली सळी गंजून फुगलेली. गंजलं की लोखंड मूळ आकाराच्या दुप्पट ते सहापट जागा मागतं, आणि ती जागा मिळवायला काँक्रीटला आतून ढकलतं. पोपडे सुटतात ते यामुळे.

इथवर पाहिलं की बहुतेक जण दोनपैकी एका टोकाला जातात. एजंट म्हणतो, चार घमेली माल लावून घ्या, झालं. घाबरलेला गिऱ्हाईक म्हणतो, स्लॅबच गेला, घर सोडून द्या. दोन्ही बोलण्यांत किमतीच्या आठ-दहा टक्क्यांचा फरक आहे, आणि तो अंदाजाने मिटवू नये. सळ्या का गंजल्या, हे कळलं की किती गंजणार तेही कळतं.

नव्या काँक्रीटमध्ये पीएच साडेबारा ते तेराच्या आसपास असतो. इतक्या क्षारात लोखंडावर एक अदृश्य संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र हळूहळू आत शिरत जातो आणि पृष्ठभागाकडून काँक्रीटचा क्षार मारत जातो. ही मेलेली सीमा सळीपर्यंत पोहोचली, पीएच नऊच्या खाली आला, आणि त्यात पाणी मिळालं की गंज सुरू. सीमा कुठवर आली ते पाहायची युक्ती जुनी आणि स्वस्त आहे: ताज्या तुटलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारायचं. क्षार जिवंत असेल तिथे भडक गुलाबी होतं, मेला असेल तिथे रंग येत नाही.

सुटलेल्या जागेच्या कडेला फवारलं, आणि परवानगी घेऊन दुसऱ्या कोरड्या खोलीच्या छतात एक छोटंसं भोक पाडून तिथेही. दोन्हीकडे पृष्ठभागापासून १२ मिलिमीटरपर्यंत रंग नाही, पुढे गुलाबी. मग फरक कशाचा? सळीवरच्या कव्हरचा, म्हणजे सळीवर काँक्रीटचा थर किती जाड आहे त्याचा. कोरड्या खोलीत सळी २० मिलिमीटर आत होती. गळक्या कोपऱ्यात जेमतेम १०. स्लॅब टाकताना कोणीतरी जाळीवर पाय दिला असेल किंवा खालचा ठोकळा सरकला असेल. चाळीस वर्षांपूर्वीचा तो एक पाय आज माझ्या हातात पापुद्रा होऊन आला होता.

ही सीमा सरळ रेषेत पुढे सरकत नाही, ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सरकते. ४० वर्षांत १२ मिलिमीटर, तर २० गाठायला १०० हून जास्त वर्षं लागतील. हा आकडा जसाच्या तसा कोणी घेऊ नये, कव्हर सगळीकडे सारखं नसतं आणि मी फक्त दोन जागा पाहिल्या. पण दिशा स्पष्ट होती. स्लॅब म्हातारा झालेला नव्हता. एका कोपऱ्यात कव्हर कमी, त्याच कोपऱ्यात पाणी, म्हणून तेवढाच भाग गेला होता. त्या कोपऱ्यातल्या सळ्या मोकळ्या करून, घासून, नवा माल भरायचा आणि वरचं पाणी बंद करायचं. सगळा स्लॅब बदलायचा तर निदान १२ लागले असते, हे काम ४ मध्ये बसत होतं.

त्यांना मी पावसाची वाट पाहायला लावलं. एजंटाला हे अजिबात आवडलं नाही, "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" हे त्याचं वाक्य आम्ही चार वेळा ऐकलं. पाऊस झाला त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा गेलो. गच्चीवर बाहेरच्या कोपऱ्यात घोट्याएवढं पाणी साचलेलं. ढाळ त्याच बाजूला दिलेला, पण कठड्यातलं पाणी जायचं भोक वर्षानुवर्षांच्या रंगाच्या आणि सिमेंटच्या थरांनी बोटभर उरलेलं, आणि तेही पानांनी बुजलेलं. खाली खोलीत नव्या पांढऱ्या रंगावर पिवळट कड उमटायला लागली होती. आजींनी बादली आणून ठेवली होती, बरोबर वर्तुळावर.

खालच्या मागच्या भिंतीला गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत लोणा होता. रंग पिठासारखा झडत होता. अशा भिंतीला रसायनं टोचून देणारे लोक बरेच भेटतात. मी बाहेर जाऊन पाहिलं. मागच्या अंगणात एकावर एक फरशीचे थर घालत बाहेरची जमीन जोत्याच्या वर आली होती. जमिनीची ओल भिंतीत चढू नये म्हणून जोत्यावर जो थर घातलेला असतो, तोच बाहेरून पुरला गेला होता. ओल त्याला वळसा घालून वर चढत होती. जमीन खोदून खाली न्यायची, भिंत पूर्ण वाळू द्यायची, मगच गिलावा. घाई केली की लोणा परत येतो. खर्च १, धीर मात्र जास्त.

पाण्याकडे वळलो. वरच्या मोरीत दहा लिटरची बादली भरायला चार मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला अडीच लिटर. साध्या शॉवरला आठ-दहा लागतात. खालच्या नव्याकोऱ्या ओट्यावरचा नळ उघडला तर वरची धार दोऱ्याएवढी झाली. भिंतीत गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचे मूळचे पाइप होते. ते आतून गंजतात, गंज फुगतो आणि भोक लहान होत जातं, बाहेरून काही दिसत नाही. नव्या ओट्याला नवा नळ बसवताना भिंतीतला पाइप तोच ठेवला होता. मला हेच खटकतं. दिसतं त्यावर खर्च करायचा आणि पाणी येतं ते तसंच ठेवायचं. ज्या ओट्यावर त्या दोघांचा जीव होता, त्याच्या मागची टाइल फोडल्याशिवाय पाइप बदलणार नव्हता. चकचकीत स्वयंपाकघर घराची किंमत वाढवत होतं असं त्यांना वाटत होतं, प्रत्यक्षात ते दुरुस्तीचा खर्च वाढवत होतं.

सगळे नळ बंद करून मीटरसमोर बसलो. बारीक चाक फिरतच होतं. वीस मिनिटांत एक लिटर, दिवसाला ७२. जमिनीखाली कुठेतरी पाझर.

विजेचं लवकर आटपलं. बटणांच्या पट्ट्या नव्या होत्या. मुख्य स्विच बंद करून एक तीन पिनांचं सॉकेट उघडलं, तर मागे दोनच वायरी. तिसरी, अर्थिंगची पीन नुसतीच शोभेला. फ्यूजच्या खटक्यात कोणीतरी जाड तार घातलेली, वारंवार उडायला नको म्हणून. गळतीचा विद्युतप्रवाह ३० मिलिअँपिअरला तोडणारी आरसीसीबी कुठेच नाही. इथे वाटाघाटीला जागा नव्हती, सगळी वायरिंग नवी. ३.५.

मागच्या खोलीवरचे पत्रे अॅस्बेस्टॉस सिमेंटचे असावेत असं वय आणि पोत सांगत होतं. शाबूत पत्रा डोक्यावर असला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. धोका तो फोडताना, कापताना, भोक पाडताना उडणाऱ्या तंतूंचा. जागतिक आरोग्य संघटना अॅस्बेस्टॉसच्या सगळ्याच प्रकारांना कर्करोगकारक मानते. हे पत्रे तडकलेले होते, म्हणजे उतरवावे लागणारच, आणि तेही हातोडीने नाही. ओले करून, अखंड, जाणकाराकडून.

कागदपत्रं वकिलाने पाहिली. मालकी साफ, कर्ज नाही. मागची खोली मात्र मंजूर नकाशात नव्हती. म्हणून मी क्षेत्रफळात ती धरलीच नाही. वापरायला मिळते आहे तर चांगलंच, पण जी उद्या पाडायला सांगितली जाऊ शकते तिचे पैसे आज द्यायचे नाहीत.

आता कुठे मी किंमत विचारली. १००. त्या दोघांनी एव्हाना आसपासचे व्यवहार जमवले होते: याच मापाचं, नीट राखलेलं घर १०४ ला गेलेलं, न दुरुस्त केलेलं एक ८६ ला, तिसरं ९७ ला, पण त्याची जागा लहान. जागेचा फरक जमेस धरून आम्ही म्हटलं, हे घर ठाकठीक असतं तर १०५ चं.

वजाबाकी अशी झाली. छत आणि गच्ची ४, वायरिंग ३.५, पाण्याचे पाइप २.५, वरची मोरी फोडून नवी २.५, सांडपाण्याची लाइन २, मागचं छप्पर १.५, ओल आणि गिलावा १, आणि दारं-खिडक्या १, कारण दोन चौकटी वाळवीने पोकळ केल्या होत्या, सुरी टोचली की मुठीपर्यंत आत जायची. बेरीज १८. जुन्या घरात भिंत फोडल्यावर काय निघेल ते सांगता येत नाही, म्हणून मी त्याच्यावर पाचवा हिस्सा ठेवतो: ३.६. काम चालू असताना तीन महिने भाडंही द्यायचं आणि हप्तेही, त्याचे १.४. एकूण २३. १०५ मधून गेले, उरले ८२.

"म्हणजे ८२ द्यायचे?" तिने विचारलं.

"८२ ला तू ना नफ्यात, ना तोट्यात. दुरुस्त घर विकत घेतल्यासारखंच, फक्त धूळ तुझ्या वाट्याला. त्याच्यावर जे देशील ते घर आवडल्याचे पैसे. ते द्यायला हरकत नाही, पण किती देतेयस ते माहीत असू दे."

तो इतका वेळ गप्प होता. म्हणाला, "काका, पण तुम्ही भेगेचे काहीच धरले नाहीत." पोरगा भेग विसरायला तयार नव्हता. मी त्याला पुन्हा वर नेलं, काच दाखवली. दोन महिने त्याला जिची धास्ती होती तिची किंमत शून्य, आणि ज्या ओट्यावर तो लट्टू होता त्याच्या मागे अडीच. हे त्याला पटायला वेळ लागला. मला वाटतं अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

मालकांना आम्ही एक पानी यादी दिली, प्रत्येक ओळीसमोर फोटो आणि गवंडी, प्लंबर, वायरमन यांचे लेखी अंदाज. भावनेचं काही लिहिलं नाही, घराला नावं ठेवली नाहीत. ज्या घरात माणसाने चाळीस वर्षं काढली त्याला नावं ठेवून कुणी किंमत कमी करत नाही, उलट हट्टाला पेटतं. देऊ केले ७८. आजींची मुलगी आधी चिडली, म्हणाली आत्ताच तर एवढा खर्च करून स्वयंपाकघर केलं. तिचं दुःख खरं होतं, पण चुकीच्या जागी घातलेला पैसा आपण का परत करायचा? ती ९२ वर आली, मग ८८ वर. तिथे दोन आठवडे गाडं अडलं. त्या मधल्या काळात दुसरं गिऱ्हाईक खरंच आलं, त्याने पाऊस पडताना घर पाहिलं आणि परत गेलं. शेवटी ८४ ला ठरलं. दोन जास्त दिले, कारण घर घेणारीचं काम तिथून चालत दहा मिनिटांवर होतं, आणि तिला ते दोन दिल्याचं वाईट वाटलं नाही.

वर्षाने हिशेब ताडून पाहिला. छताला ४ धरले होते, ३.५ लागले. स्लॅब उघडल्यावर नुकसान तेवढ्याच कोपऱ्यात निघालं आणि कठड्यातलं भोक मोठं करून नळी टाकल्यावर गच्ची कोरडी राहिली. वायरिंग, पाइप, मोरी, गिलावा, दारं-खिडक्या अंदाजाइतकीच. पत्रे उतरवायला दीडऐवजी २ लागले. काम तीनऐवजी चार महिने चाललं, म्हणून भाड्या-हप्त्याचे १.४ चे १.९ झाले. एकूण २२.४, मी धरलेल्या २३ च्या आत. पण आत बसलं ते राखून ठेवलेल्या हिश्शामुळे, माझ्या नजरेमुळे नाही. सांडपाण्याच्या लाइनला मी २ धरले होते, लागले ४.५.

लाइन मागच्या भिंतीला लागून जात असेल असं मी गृहीत धरलं होतं. ती निघाली ओट्याच्या खालून, मधोमध. मूळची ती उघड्यावरच होती, तिच्यावर खोली नंतर बांधली गेली. चिनी मातीचे जुने पाइप सांध्यात सरकलेले, आणि शेजारून गेलेल्या पाण्याच्या पाइपला तिथेच चीर. दिवसाला ७२ लिटर जात होते ते त्याच खड्ड्यात. ट्रॉल्या काढून, ओटा उचलून जमीन खोदावी लागली. मीटरसमोर बसलो त्या संध्याकाळी मी मागच्या अंगणातल्या चेंबरचं झाकण उचललं होतं. येणाऱ्या पाइपचं तोंड भिंतीच्या दिशेने नव्हतं, सरळ घराच्या पोटात जात होतं. ते मी पाहिलं, आणि पाऊस वाढतोय म्हणून झाकण परत ठेवलं.